दिवा वर ओढताना

ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या घरात भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या काकू त्यांच्या खिडकीतून आमच्या खिडकीत विरजणाची वाटी देतात. ऊन येतं ते फक्त मधल्या चौकात, तेही घटकाभर. अशा घरात, चौकाला लागून असलेल्या खालच्या दालनात, गेली नऊ वर्षं सकाळी दहाला एक निळसर उजेड उगवतो आणि रात्री आठला मावळतो. तो माझ्या टाकीचा उजेड. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड रचल्यावर आत साधारण १७० लिटर खारं पाणी राहतं. त्यात दोन क्लाउनफिश, चार गोगलगायी, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि मऊ प्रवाळांच्या पाच-सहा वसाहती आहेत.

काशीला आलेला पाहुणा दर्शन, गंगास्नान, कचोरी-जिलबी उरकून आमच्याकडे टेकला, की टाकीपाशी थबकतो आणि विचारतो, "इथं समुद्र कुठून आणलात?" प्रश्न रास्तच आहे. इथून सर्वांत जवळचा समुद्र ओडिशाच्या किनाऱ्याचा, आणि तोही सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही समुद्र घरीच बनवतो, आठवड्याला वीस लिटर. आरओचं पाणी घ्यायचं, लिटरमागं ३५ ग्रॅम या हिशेबानं टाकीसाठीचं खास मीठ घालायचं, रात्रभर छोट्या पंपानं फिरवत ठेवायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं ठरल्या प्रमाणात असतं आणि प्रवाळाला ते तसंच लागतं.

पहिल्या वर्षी सासूबाई गंगाजलाचा गडू घेऊन टाकीपाशी आल्या. म्हणाल्या, "अगं, चार थेंब तरी घाल. नव्या विहिरीला घालतो, नव्या घराला घालतो, हे तर नवं पाणी आहे." मी त्यांना समजावलं की नदीच्या पाण्यातून येणाऱ्या फॉस्फेटनं टाकीत शेवाळ माजतं आणि प्रवाळ त्याखाली गुदमरतो. त्यांनी ऐकून घेतलं, गडू पुन्हा देवघरात नेला आणि म्हणाल्या, "मग त्यांच्या नावानं इथंच ठेवते." तो गडू अजून तिथंच आहे.

त्याच देवघरात एक चांदीची डबी आहे. तिच्यात रामेश्वराची वाळू आहे. काशी केली म्हणजे रामेश्वर करायचं, इथलं पाणी तिथल्या लिंगावर वाहायचं आणि सेतूची वाळू आणून गंगेत सोडायची, ही यात्रेची जुनी रीत आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी ती पाळली आणि चिमूटभर वाळू घरात राहू दिली. टाकी आल्यानंतर एका दुपारी मी ती डबी उघडून भिंगाखाली धरली. लांबून पिवळट दिसणारी वाळू भिंगाखाली निरनिराळी झाली: शिंपल्याच्या कडा, गारगोटीचे कण, आणि मध्येच पांढरे, भोकाभोकांचे, बिस्किटाच्या चुऱ्यासारखे कण. ते प्रवाळाचे. सत्तर वर्षं आमच्या देवघरात प्रवाळ होता आणि आम्ही त्याला वाळू म्हणत होतो.

पुढे मी स्वतः रामेश्वराला गेले तेव्हा धनुष्कोडीला मुद्दाम थांबले. १९६४च्या डिसेंबरात, २२ आणि २३ तारखेच्या रात्री आलेल्या वादळानं ते गाव संपवलं. तिथल्या पडक्या चर्चच्या भिंतीत प्रवाळाचे दगड आहेत. मी एका दगडावरून बोट फिरवलं. प्रत्येक खळगा चांदणीसारखा, आत बारीक पाकळ्या, आणि त्या एकेका खळग्यात कधीकाळी एकेक जीव बसलेला. रामेश्वरपासून तुतीकोरिनपर्यंतच्या मन्नारच्या आखातात २१ बेटं आहेत आणि त्यांच्याभोवती प्रवाळांची रांग आहे. १९८६ साली तिथं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. पण त्याआधी आणि नंतरही चुन्यासाठी तिथला प्रवाळ इतका खणला गेला, की लाटा अडवायला काही उरलं नाही आणि २१ पैकी दोन बेटं पाण्याखाली गेली. काशीतली कावड शेकडो वर्षं ज्या किनाऱ्यावर रिती होत आली, त्या किनाऱ्याची ही गोष्ट आहे. म्हणून मला या घरात समुद्र परका वाटत नाही.

मराठी माणसाला प्रवाळ ठाऊक असतो तो मेलेला. आजीच्या माळेतलं पोवळं, मंगळासाठी बोटात घालायचं पोवळं, वैद्यांच्या पुडीतली प्रवाळपिष्टी. जिवंत प्रवाळ म्हणजे एक तोंड, त्याभोवती स्पर्शकांची झालर, खाली चिकटून बसायचा पाय, बस्स. आणि कातडीच्या आत सूक्ष्म शेवाळाच्या असंख्य पेशी. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांचं पोट हे शेवाळ चालवतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा हिस्सा यजमानाला देतं. त्यामुळे अशा प्राण्याला पाळायचं म्हणजे आधी त्याच्या आतल्या वनस्पतीची सोय बघायची. माशांच्या टाकीतला दिवा आपल्याला मासे दिसावेत म्हणून असतो. प्रवाळाच्या टाकीतला दिवा म्हणजे त्याचं जेवण आहे.

इथं एक गोष्ट ठळक सांगायला हवी. माझ्या टाकीत दगडी प्रवाळ नाहीत आणि कधी नसतील. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ, काळं पोवळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. म्हणजे कायद्याच्या नजरेत आपल्या समुद्रातला दगडी प्रवाळ वाघाच्या पंक्तीला आहे. समुद्रातून तोडून आणलेला दगडी प्रवाळ विकत घेणं हा गुन्हा आहे आणि त्या आखातात काय झालं हे माहीत असलेल्या माणसाला तो गुन्हा का आहे हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्याकडचे दगड भाजलेल्या मातीचे आहेत. मऊ प्रवाळ आले ते दुसऱ्या शौकिनांच्या टाकीत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे म्हणून. पहिला तुकडा माझा भाचा मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसनं घेऊन आला, थर्मासच्या डब्यात, रात्रभर वरच्या बर्थवर उशाशी ठेवून. तो तुकडा म्हणजे आज आमच्या घरात 'तबकडी' म्हणून ओळखला जातो तो प्राणी. शास्त्रीय नाव डिस्कोसोमा. सासूबाईंनी नाव ठेवलं तबकडी, कारण तो तसाच दिसतो: हातावर मावेल एवढी गोल, जाड, मखमली चकती, लालसर अंगावर निळे ठिपके.

तबकडीनं नऊ वर्षं काढली ती चार टी-फाइव्ह ट्यूबांखाली, प्रत्येकी ३९ वॉटच्या. दोन पांढऱ्या, दोन निळ्या. या ट्यूबांची गंमत अशी की त्या बंद पडत नाहीत, थकतात. डोळ्यांना पूर्वीसारख्याच पेटलेल्या दिसतात, पण वर्षभरात त्यांचा रंग सरकतो, निळा उतरतो, आणि शेवाळ त्याचा फायदा घेतं. म्हणून दरवर्षी बदलायच्या. गेली दोन वर्षं तशा ट्यूब मिळणं अवघड झालं होतं. मग गेल्या आषाढात एक चोक जळाला, आठ दिवसांनी दुसरा, आणि भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, आता एलईडीवर जा. किती दिवस ठिगळं लावणार?"

श्रावणात दिवा आला. दोन सपाट पेट्या, प्रत्येकीत निळ्या, जांभळ्या, पांढऱ्या दिव्यांच्या वेगवेगळ्या रांगा, आणि प्रत्येक रांग शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करण्याची सोय. बसवायला गल्लीतलाच वीजकाम करणारा मुलगा आला. त्यानं छतात चार आकडे ठोकले, त्यातून तारेच्या दोऱ्या खाली सोडल्या आणि दिवा पाण्यापासून आठ इंचांवर टांगला. "चाची, ई त समुंदर चमक गइल," म्हणाला तो. खरोखरच चमकला होता. पंपानं हललेल्या पाण्यातून उजेडाच्या रेघा तळाच्या वाळूवर धावत होत्या, तसं ट्यूबांखाली कधी दिसलं नव्हतं. निळ्या उजेडात तबकडीचे ठिपके आतून पेटल्यासारखे दिसत होते.

भाच्यानं बजावलं होतं, तीस टक्क्यांपासून सुरू कर. मी तीसवर लावलाही. पण तीस टक्क्यांवर दालन पूर्वीपेक्षा अंधारं वाटायला लागलं. ट्यूबांखाली जे लख्ख दिसायचं ते आता सावळं दिसत होतं. मला वाटलं, नव्या दिव्याखाली हे प्रवाळ उपाशी राहतील. चौथ्या दिवशी मी पन्नास केले, सहाव्या दिवशी सत्तर. सत्तरवर माझ्या डोळ्यांचं समाधान झालं.

नवव्या दिवशी तबकडीची कड आत वळली. दहाव्या दिवशी तिचं तोंड उघडं पडलं आणि त्यातून तपकिरी, सुतासारखे धागे बाहेर येताना दिसले. अकराव्या दिवशी ती इतकी फिकी झाली की तिच्यातून मागचा दगड दिसत होता. लाल गेलं, निळं गेलं, उरली ती साबुदाण्याच्या पापडासारखी एक चकती. आतलं शेवाळ तिनं टाकून दिलं होतं. शेवाळाला झेपेल त्याहून जास्त उजेड मिळाला की त्याच्या यंत्रणेत ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात आणि ती यजमानालाच जाळायला लागतात. मग प्रवाळ आपला अन्नदाता बाहेर काढतो. समुद्र तापला की मैलोन्‌मैल हेच होतं. १९९८ साली झालं, २०१६ साली झालं, २०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगभरात चौथ्यांदा हे सुरू असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. बातमीत मी तो शब्द पुष्कळदा वाचला होता. माझ्या दालनात, माझ्या हातानं ते झाल्यावर त्याचा अर्थ कळला.

चूक कुठं झाली हे समजायला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांची मदत झाली. त्यांनी पाण्यात बुडवता येणारं उजेडाचं मापक आणलं. वनस्पतीला कामी येणारा उजेड किती, एवढंच ते मोजतं. तबकडीच्या जातीला साधारण ५० ते ८० पुरतात. सत्तर टक्क्यांवर तिच्या दगडापाशी आकडा आला २१०. मी म्हटलं, "पण मला तर आधी अंधार वाटत होता." तेव्हा त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. माणसाचा डोळा सर्वांत तीक्ष्ण असतो तो हिरवट-पिवळ्या उजेडाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. या दिव्याची मुख्य निळी रांग आहे ४५० ची. तिथं आपल्या डोळ्याची संवेदना त्या शिखराच्या चार टक्क्यांच्या आसपास उरते. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच विरतो आणि निळा खोल जातो, म्हणून प्रवाळातलं शेवाळ निळ्यावर जगायला शिकलेलं. मला जो अंधार वाटत होता तो त्याच्यासाठी भर दुपार होती. मी दिवा लावला होता माझ्या डोळ्यांसाठी, आणि जेवायचं होतं तिला.

त्या संध्याकाळी दिवा वीस टक्क्यांवर आणला आणि तारा ओढून आठ इंचांवरून सोळा इंचांवर नेला. तारा ओढताना मला पंचगंगाघाट आठवला. कार्तिक महिनाभर तिथं उंच बांबूंवर आकाशदीप चढवतात. वेताच्या टोपलीत दिवा ठेवायचा आणि दोरी ओढत ओढत तो वर न्यायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी माझ्या हातात ती दोरी दिली होती आणि म्हणाले होते, "हळू ओढ, झटका दिलास की विझतो." इथं उलटं होतं. दिवा विझायची भीती नव्हती, खालच्याची होती. पण हाताला हालचाल तीच आठवत होती.

दिव्याबद्दल इतकं लिहिलं, तरी टाकी दिव्यानं जगते असं मात्र कुणी समजू नये. आमच्याकडे वीज गेली की 'लाइट गेली' म्हणतात, आणि त्या शब्दानं मीही बरीच वर्षं फसले. लाइट गेली की मला दिव्याची काळजी वाटायची. प्रत्यक्षात एक-दोन दिवस उजेड नसला तरी प्रवाळ तग धरतो. समुद्रावर ढग येतातच. पाणी हलायचं थांबलं की मात्र काही तासांत प्राणवायू संपतो. म्हणून सामान बदलायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, दिव्याआधी लाटांच्या पंपाला बॅटरी लावा. पाणी हलवत ठेवायची ही गरज जुनीच आहे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबेत पाद्री, घर शहराच्या मधोमध, पंप नाही, वीज नाही. त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, हवा मिसळावी म्हणून. तिचं नाव माझ्या वाचनात आलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. गेल्या ज्येष्ठात रात्री पाच तास वीज नव्हती आणि बॅटरी दीड वाजता संपली, तेव्हा मी आणि सासूबाईंनी पाळीपाळीनं लोट्यानं तेच केलं.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात इथं पारा ४५च्या घरात जातो आणि प्रवाळाला हवं २५-२६. पण लू कोरडी असते. टाकीवर साधा पंखा लावला की पाणी भराभर उडतं आणि उडताना टाकी थंड करतं, दारावरच्या वाळ्याच्या ताट्यांसारखं. दिवसाला चार लिटर पाणी उडतं. मीठ मागं राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. खरी कसोटी श्रावण-भाद्रपदात. पारा ३४ वर उतरतो, लोक सुटकेचा श्वास घेतात, पण हवा ओलीचिंब असते आणि पंखा नुसता फिरत राहतो. त्या दोन महिन्यांसाठी चिलर घ्यावाच लागला. एलईडीचं खरं देणं मला इथं दिसलं: जुन्या ट्यूबा पाण्यावर दीडशे वॉट ओतत होत्या, नवा दिवा त्याच्या निम्म्याहून कमी घेतो, आणि चिलरला मधूनमधून विश्रांती मिळते.

तबकडीसारख्याच एका जीवावर आज जगभरातल्या प्रयोगशाळा अवलंबून आहेत, हे मला त्या आजारपणात वाचताना कळलं. १९९९ साली मॉस्कोतल्या मिखाईल मात्स, सर्गेई लुक्यानोव्ह आणि सहकाऱ्यांनी डिस्कोसोमातून लाल चमकणारं प्रथिन शोधून काढलं. पेशीत कुठं काय चाललंय हे पाहायला ते आज खुणेच्या दिव्यासारखं वापरतात. ते प्रवाळ आले होते मॉस्कोतल्याच मत्स्यालयांमधून. मॉस्कोही समुद्रापासून शेकडो किलोमीटर. तिथल्या कुणीतरी शौकिनानं पाणी कालवून, दिवा लावून, हिवाळा काढून ते प्रवाळ जिवंत ठेवले होते म्हणून हे साधलं.

आमच्या तबकडीनं भाद्रपद कसाबसा काढला. आश्विनाच्या सुरुवातीला एका सकाळी ती दगडावर नव्हती. पाय सोडून देऊन ती वाहत मागच्या कोपऱ्यात, सावलीच्या कपारीत जाऊन बसली होती. मी हात लावला नाही. रोज रात्री कोळंबीचा बारीक कीस चिमट्यानं तिच्या तोंडाशी धरायचा, एवढंच केलं. आतलं शेवाळ गेलं तरी तोंड असतं, आणि ती खात होती. दिवा आठवड्याला फक्त पाच टक्क्यांनी वाढवला, तोही मापक बुडवून, आकडा लिहून. दसऱ्याच्या सुमारास तिच्या मध्यावर चहाच्या डागासारखी तपकिरी छटा दिसली. दिवाळीत निळ्या ठिपक्यांच्या जागा कळायला लागल्या.

कार्तिकी पौर्णिमेला आम्ही घाटावर गेलो. अहिल्याबाईंच्या दगडी दीपस्तंभावर हजारभर पणत्या लागल्या होत्या, गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. परत आले तेव्हा टाकीचा मोठा दिवा मावळून गेला होता. मी विजेरीवर लाल कागद लावून आत पाहिलं, कारण लाल उजेडानं त्यांची रात्र मोडत नाही. तबकडी कपारीत फुगून पसरली होती. तिनं सोडलेल्या जुन्या दगडावर, जिथं तिचा पाय चिकटलेला होता, तिथं पायाचे काही कण उरले असणार. त्या जागी तिळाएवढ्या तीन चकत्या उगवल्या होत्या. सासूबाईंना हाक मारली. त्या चष्मा लावून बराच वेळ वाकून राहिल्या.

सध्या दिवा ३५ टक्क्यांवर आणि पाण्यापासून चौदा इंचांवर आहे. जुन्या दगडापाशी मापक ६२ दाखवतं. तीन चकत्यांपैकी सर्वांत मोठी आता मसुराएवढी झाली आहे आणि तिच्यावर एक निळा ठिपका आहे.